चालकाचे म्हणणे

"इंजिन का गेलं होतं तेवढं सांगा. बाकीचं दिसतंय मला," असे म्हणून त्या गृहस्थांनी ट्रकच्या बॉनेटवर थाप मारली.

मी फाइल उघडून चौदावे पान त्यांच्यापुढे धरले. "कारण येथे लिहिलेले आहे. चालकाने तापमानाच्या काट्याकडे दुर्लक्ष केल्यामुळे इंजिन प्रमाणाबाहेर तापले आणि तिसरा पिस्टन वितळून अडकला. दुरुस्ती पूर्ण झालेली आहे. पुढच्या सोळा पानांत तिचा तपशील आहे."

त्यांनी पान वाचले नाही. "चालक कोण?"

"माझी मुलगी."

"मग गाडीत दोष न्हाई म्हणायचा."

"नाही."

"बरं झालं. मला काय, मागं आठ बॉक्स आणि एक जनरेटर बसला म्हणजे झालं. गणपतीत आमच्या मंडळाला अशीच गाडी पाहिजे. उंच, दांडगी."

"ही गाडी चिखलातून चढ चढण्यासाठी बांधली आहे," मी म्हणालो.

"मिरवणुकीतबी चिखलच असतोय की साहेब, पावसात."

मी फाइलची दोरी बांधली. ते निघून गेले. तीन आठवड्यांतले ते चौथे गिऱ्हाईक होते. पहिल्याला फक्त टायर हवे होते. दुसऱ्याने पुन्हा बांधलेले इंजिन म्हटल्यावर बॉनेट उघडायचीही तसदी घेतली नाही. तिसऱ्याने फाइल हातात तोलून पाहिली आणि विचारले, "एवढं लिहून ठेवलंय म्हणजे काहीतरी असणारच की हो?"

शेडच्या दुसऱ्या टोकाला हेमांगी नट-बोल्टचे पाने पुसून फळीवर लावत होती. "माझी मुलगी" हे शब्द तिच्या कानावर गेले होते. तिने मान वर केली नाही. चौदाचा पाना बाराच्या खिळ्याला अडकवला होता, तो काढून तिने जागेवर लावला.

ही गोष्ट चौदा वर्षांपूर्वीची. शासकीय तंत्रनिकेतनातून यंत्रशाखेची पदविका घेतल्यावर मी चौतीस वर्षे एका सूतगिरणीच्या देखभाल विभागात काढली होती. निवृत्त झालो आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत एक पत्र्याची शेड भाड्याने घेतली. लष्कराच्या लिलावात निघालेला चारही चाकांना ओढ असलेला एक जुना ट्रक विकत घेऊन त्यात मी मोठे चार सिलिंडरचे डिझेल इंजिन बसवले, जादा ताकदीसाठी त्यावर टर्बो चढवला, स्प्रिंगच्या पाट्यांना दोन पाने वाढवली, केबिनमध्ये नळ्यांचा पिंजरा वेल्ड केला. हेमांगीने त्याचे नाव 'गवा' ठेवले. रस्त्यावर चालवायची त्याला परवानगी नव्हती, म्हणून आम्ही तो ट्रेलरवर घालून चिखलातल्या शर्यतींना नेत असू. मी बांधायचे आणि तिने चालवायचे, असे ठरलेले होते. ती एका कारखान्याच्या आराखडा विभागात नोकरीला होती आणि सुट्टीचे दिवस गव्याबरोबर घालवत होती. दोन हंगामांत तिने सहा शर्यती पूर्ण केल्या. त्यातल्या दोन तिने जिंकल्या.

सातवी शर्यत आजऱ्याजवळ होती, ऑक्टोबर महिन्याच्या शेवटच्या रविवारी. त्याच्या तीन आठवडे आधी मी इंजिन पूर्ण उतरवून नव्याने बांधले होते. तिसऱ्या फेरीत, चढाच्या अर्ध्यावर, आतून घण मारल्यासारखा एक आवाज आला आणि गवा जागेवर थांबला. हेमांगी गुडघाभर चिखलातून माझ्याकडे चालत आली.

"बाबा, काटा मध्यावर होता."

"इंजिन अडकले आहे. काटा मध्यावर असून इंजिन अडकत नाही."

"मी बघत होते. मध्यावर होता."

"काटा खोटे बोलत नाही, हेमांगी."

"मी पण नाही."

आजूबाजूला पंधरा-वीस माणसे उभी होती. त्यांच्यात इतर गाड्यांचे चालकही होते. मी म्हणालो, "तू पाहिलाच नाहीस."

तिने डोक्यावरचे हेल्मेट काढून माझ्या हातात दिले. घरी आल्यावर गव्याची किल्ली शेडमधल्या खिळ्याला लावली, आणि तिथून ती पुन्हा कधी उचलली नाही. तिच्या आईने मला दोनदा सांगितले, "एकदा पोरीचं ऐकून तरी घ्या." मी तिला पिस्टन, पाणी आणि उष्णता यांचा संबंध समजावून सांगितला. ती म्हणाली, "पिस्टनबद्दल कोण बोलतंय?"

पुढे इंजिन पुन्हा बांधायला मला सहा महिने लागले. मे महिना उजाडला. शेडच्या मालकाने एकतीस तारखेपर्यंत जागा मोकळी करून मागितली होती. गव्याला उभे करायला दुसरीकडे कुठे जागा नव्हती. आठवड्याभरात गिऱ्हाईक मिळाले नाही, तर गाडी कापून भंगारात घालावी लागणार, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते. हेमांगी दर रविवारी येऊन आवराआवर करत होती. गव्याचा विषय ती काढत नसे. मीही काढत नसे.

तेवीस तारखेच्या रविवारी सकाळी दहा वाजता गडहिंग्लजचे रणजित नलवडे आले. ऊस वाहतुकीच्या पाच गाड्यांचे मालक, वय चाळिशीचे, अंगात पांढरा शर्ट, आणि गाडी बघायला येताना पायात नवे बूट. त्यांच्याबरोबर सत्तरीकडे झुकलेले एक बारीक अंगाचे गृहस्थ होते. चष्म्याची एक दांडी त्यांनी दोऱ्याने बांधली होती.

"हे आमचे दस्तगीरचाचा," नलवडे म्हणाले. "ह्यांनी हो म्हटल्याशिवाय आमच्यात सायकलसुद्धा घेत न्हाईत."

दस्तगीर मिस्त्रींनी मला नमस्कार केला आणि कोणाशीही न बोलता ते गव्याभोवती फिरू लागले. एका ठिकाणी ते खाली वाकले, इंजिनखालच्या तेलाच्या चेंबरच्या कडेवरून बोट फिरवले आणि ते बोट नाकाशी नेले.

"साहेब, गेल्या साली हा गवा चढताना बघितलाय मी," नलवडे सांगू लागले. "दगडावरनं असा गेला, की माझ्या हातातला वडा हातातच राहिला. चालवत कोण होतं?"

"मी," हेमांगी म्हणाली.

"तुम्ही?" नलवड्यांनी तिच्याकडे पाहिले. "मग बंद कशापायी केलं?"

मी फाइल उघडली. चौदावे पान आता आपोआपच उघडत असे. पण मी वाक्य सुरू करण्याच्या आत हेमांगी बोलली.

"इंजिन माझ्याकडून गेलं. काट्याकडं लक्ष राहिलं नाही माझं. गाडीत काही दोष नाही."

सात महिन्यांत तिने हे एकदाही मान्य केले नव्हते. घरी, शेडमध्ये, तिच्या आईपुढे, माझ्या भावापुढे, प्रत्येक वेळी तिने तेच तीन शब्द सांगितले होते. आणि आज, एका परक्या माणसापुढे, तिने माझे वाक्य माझ्याआधी म्हणून टाकले. माझा हात फाइलवर तसाच राहिला.

"हां, मग ठीक आहे," नलवडे म्हणाले. "चालवणाऱ्याची चूक गाडीबरोबर येत न्हाई. काय चाचा?"

दस्तगीर मिस्त्री हात पुसत आमच्याकडे आले. "जुना माल ठेवलाय?"

"सर्व ठेवला आहे," मी म्हणालो.

जुने भाग टाकून द्यायचे नाहीत, हा माझा गिरणीपासूनचा नियम होता. भाग काढला, की त्यावर तारीख आणि क्रमांकाची चिठ्ठी, मग तेलकट कागद, मग पेटी. मी पेटी ओढून टेबलावर ठेवली. चाचांनी चारही पिस्टन कागदातून सोडवले आणि एका ओळीत मांडले. तिसऱ्याच्या माथ्यावर बोट जाईल एवढे भोक होते आणि कडेचा धातू वितळून खाली ओघळला होता. बाकीच्या तिन्हींवर नेहमीची काजळी होती.

चाचांनी प्रत्येक पिस्टन उचलून डोळ्यांजवळ नेला. त्यात बराच वेळ गेला. पत्रा तापायला लागला होता. नलवड्यांनी फोन काढला, पाहिला, परत खिशात ठेवला.

"ह्यो एकटाच जळालाय," चाचा म्हणाले.

"होय."

"बाकीचे तीन बगा. कालच घातल्यागत हाईत."

चाचांनी तिसरा पिस्टन बाजूला ठेवला.

"पाणी तापल्यालं असतं तर इंजिनवरचं हेड वाकलं असतं. हेड नवं घातलं?"

"नाही. जुनेच आहे."

"घासून घेतलं?"

"गरज पडली नाही. सपाटी मोजली होती. मर्यादेत होती." मी एकोणिसावे पान काढून दाखवले. माझ्याच अक्षरात, सहा ठिकाणची मापे, प्रत्येकापुढे बरोबरची खूण.

चाचांनी ते पान चष्मा वर करून, पुन्हा खाली करून वाचले. मग ते हेमांगीकडे वळले.

"पोरी, काटा कुठं हुता?"

तिने माझ्याकडे पाहिले.

"त्येंच्याकडं काय बगतीस? मी काय मास्तर न्हाई. कुठं हुता?"

"मध्यावर," ती म्हणाली.

"शेवटपतोर?"

"शेवटपर्यंत. गाडी थांबली तरी मध्यावरच होता."

"मग आत्ता काय म्हणालीस?"

"गाडी विकायची आहे, चाचा," हेमांगी म्हणाली. "आठ दिवस राहिलेत. नाहीतर कापायची आहे."

नलवडे काहीतरी बोलणार होते. चाचांनी हाताने त्यांना थांबवले आणि चौदावे पान पुढे ओढले. गिरणीत यंत्र बंद पडले की भरायचा तक्ता असे, त्यावरून मी माझा तक्ता छापून घेतला होता: तारीख, चाललेले तास, लक्षण, कारण, उपाय. शेवटी एक अरुंद रकाना होता. चाचांनी त्या रकान्यावर बोट ठेवले.

"हितं काय लिवायचं असतंय?"

"चालकाचे म्हणणे," मी म्हणालो.

"मग हितं रेघ का वडलीय?"

मी चौतीस वर्षे लोकांना असे प्रश्न विचारत आलो होतो. सूत तुटले तर कामगाराला, पट्टा घसरला तर फिटरला. उत्तर यायला वेळ लागला, की त्याचा अर्थ काय असतो, हेही मला माहीत होते. मी टेबलाचा वरचा खण उघडला. मागच्या बाजूला एक चपटी डबी होती, खोकल्याच्या गोळ्यांची. ती चाचांसमोर ठेवली. हेमांगी जवळ आली.

डबीत करंगळीच्या नखाएवढा लाकडाचा तुकडा होता. त्याचे एक टोक लाल रंगाचे होते, दुसरे तेलात फुगून काळे पडले होते.

"ही काय भानगड?" नलवड्यांनी विचारले.

"इंजिनचा ब्लॉक घासून धुताना तेलाच्या वाटांत कचरा जातो," मी म्हणालो. "तो जाऊ नये म्हणून मी प्रत्येक भोकात मऊ लाकडाची खुंटी घालतो. टोक लाल रंगवतो, म्हणजे चटकन दिसते. या ब्लॉकला बावीस लागतात. घालताना मोजतो. काढताना तक्त्यात प्रत्येकीपुढे खूण करतो."

"मग?"

"तेलाच्या हातांनी कागद खराब होतो."

कोणालाच काही समजले नाही. मलाही हे आजवर कधी मोठ्याने बोलावे लागले नव्हते.

"म्हणून खुणा मी आधी करतो. हात स्वच्छ असताना. बावीस खुणा करून तक्ता बाजूला ठेवतो आणि मग खुंट्या काढायला घेतो. गिरणीतही असेच करत असे. चौतीस वर्षांत चुकले नाही." मी डबीकडे पाहत होतो. "धुण्याच्या पंपाच्या दाबाने ही आत सरकली होती. तिसऱ्या पिस्टनला खालून तेलाचा फवारा बसतो, तो पिस्टन थंड ठेवतो. त्या फवाऱ्याच्या वाटेत ही राहिली. सरावाला गाडी सावकाश चालली, तेव्हा निभावले. शर्यतीत पूर्ण ताकद लागली आणि पिस्टन आतल्या आत वितळला. पाण्याला त्याचा पत्ता लागला नाही. काट्यालाही."

पत्र्यावर कावळा चालत होता, त्याच्या नखांचा आवाज येत होता.

"ही कधी सापडली?" हेमांगीने विचारले.

"इंजिन उघडले त्या दिवशी."

"तारीख सांगा."

"नऊ नोव्हेंबर."

"आणि हे चौदावं पान?"

"ते शर्यतीहून आल्यावर लगेच लिहिले होते."

"उघडायच्या आधी."

"होय."

ती माझी मुलगी होती. तारखा तिच्याही डोक्यात पक्क्या असत. "साताऱ्याच्या संघाचा फोन वीस नोव्हेंबरला आला होता," ती म्हणाली.

त्या संघाला पुढच्या हंगामासाठी चालक हवा होता. त्यांच्या प्रमुखांनी मलाच विचारले होते, की आजऱ्याला नक्की काय झाले. मी हेच पान त्यांना फोनवर वाचून दाखवले होते. त्यानंतर त्यांनी तिला बोलावले नाही. शर्यतींना येणाऱ्या मंडळींत 'खराड्यांची पोरगी इंजिनं जाळते' असे म्हणू लागले होते, हे मला तिच्या आईकडून कळले होते.

"तेव्हा ही डबी इथंच होती," हेमांगी म्हणाली.

"या खणात."

तिने डबी उचलली, झाकण लावले, आणि परत ठेवली. ओरडली असती तर मला उत्तर देता आले असते.

नलवड्यांनी शर्टाच्या बाहीने कपाळ पुसले. "म्हणजे चूक बांधणाऱ्याची."

"होय."

"आणि हे आता जे आत बसलंय, ते कुणी बांधलंय?"

"मीच."

"मग साहेब, राग मानू नका. चालवणाऱ्याची चूक गाडीबरोबर येत न्हाई म्हटलं मी. बांधणाऱ्याची येत्या." ते चाचांकडे वळले. "चला चाचा. उनाच्या आत घाट उतरू."

हे वाक्य मी सात महिने ओळखून होतो. त्याच्या भीतीनेच तर मी रकान्यातली ती रेघ खोडली नव्हती.

चाचा उठले नाहीत. "मालक, चुकत न्हाई असला मिस्त्री मी अजून बघितला न्हाई. मी सोता एकदा आख्खा पाना चेंबरात ठेवून बोल्ट आवळलंत. वडिलांनी त्यो पाना जल्मभर भिंतीला टांगून ठेवला हुता, माझ्या डोळ्यांम्होरं." त्यांनी चष्मा काढून पुसला. "चेंबर काढायचं."

"कधी?" मी विचारले.

"आत्ता."

"चाचा, हे इंजिन बांधून अजून महिना झालेला नाही. प्रत्येक बोल्ट मापाने आवळला आहे. प्रत्येकावर पिवळी खूण आहे. नवे तेल आहे, नवे पॅकिंग आहे." माझा आवाज वाढला होता. "तीस पाने लिहिली आहेत. वाचा की. एकही माणूस पूर्ण वाचत नाही, आणि सर्वांना इंजिन उघडून हवे आहे."

"खुणा मागच्या बारीलाबी हुत्या की, साहेब."

तेवढ्यात हेमांगीने फळीवरून चौदाचा पाना काढला. पसरट घमेले गव्याखाली सरकवले, पाठीवर झोपून ती आत गेली, आणि तेल पडू लागल्याचा आवाज आला.

चेंबर सुटायला तास लागला. नलवडे बाहेर जाऊन तीन वेळा चहा पिऊन आले. चाचांनी खुंट्यांचा डबा मागून घेतला आणि टेबलावर एकेक खुंटी मांडून मोजली. डबीतलीच्या जागी केलेली नवी धरून बावीस भरल्या. माझ्या तक्त्यातही बावीस खुणा होत्या. "ह्या खुणा कधी केल्या?" त्यांनी विचारले. मी म्हणालो, "काढल्यावर. एकेक काढून, हात पुसून." त्यांनी मान हलवली, विश्वास ठेवला की नाही, ते मला कळले नाही.

"तार द्या," गव्याखालून हेमांगी म्हणाली.

मी तिला बारीक तार दिली आणि बॅटरी घेऊन शेजारी खाली बसलो. एकसष्टाव्या वर्षी फरशीवर असे बसणे सोपे नव्हते. तिला पिस्टनखालच्या चारही फवाऱ्यांच्या तोट्यांत तार घालून वाट मोकळी आहे की नाही ते पाहायचे होते.

"एक," ती म्हणाली. तार आत गेली. "मोकळा."

चाचा टेबलाला टेकून ऐकत होते.

"दोन. मोकळा."

मग ती थांबली. क्रँकच्या दांड्याचे वजन मध्ये येत होते. तिने मला पुढची पुली थोडी फिरवायला सांगितली. मी उठलो, फिरवली, परत बसलो.

"तीन," ती म्हणाली. नंतर काहीच नाही. तारेचा घासल्याचा आवाज आला, थांबला, पुन्हा आला. "उजेड इकडं करा, बाबा. हलवू नका."

मी बॅटरी दोन्ही हातांनी धरली.

"मोकळा," ती म्हणाली. "चार. मोकळा."

नलवड्यांनी मोठ्याने श्वास सोडला. मी तसाच बसून राहिलो.

हेमांगी बाहेर आली तेव्हा तिच्या गालावर, मानेवर तेल होते. मी चौदावे पान फाइलमधून सोडवले आणि पेन तिच्यापुढे धरले. रकान्यातली रेघ मी खोडली होती.

"हात खराब आहेत," ती म्हणाली. "कागद खराब होईल."

ती हे रागाने म्हणाली की साधेपणाने, हे मला आजही ठरवता येत नाही. ती नळाकडे गेली नाही. हात तसेच धरून उभी राहिली. माझेही हात तेलाने भरलेले होते. मी पान बॉनेटवर ठेवले आणि कारणाच्या रकान्यातले माझे वाक्य खोडून लिहिले: 'बांधणाऱ्याकडून तेलाच्या वाटेत खुंटी राहिली.' मग शेवटच्या रकान्याकडे आलो.

"काय लिहू?"

"सात महिने सांगतेय."

मी लिहिले, 'काटा मध्यावर होता.' सही केली, तारीख घातली. माझ्या अंगठ्याचा काळा ठसा पानाच्या कडेवर उमटला. चाचांनी ते पान हातात घेऊन वाचले आणि नलवड्यांना दिले.

चेंबर परत बसवेपर्यंत दुपार टळली. साताऱ्याच्या संघाला मी दुसऱ्या दिवशी पत्र पाठवले, सोबत त्या पानाचा मजकूर पुन्हा लिहून जोडून. उत्तर आले नाही. हेमांगी त्यानंतर बरेच महिने माझ्याशी कामापुरते बोलत होती, आणि तिचे काम माझ्याकडे फार थोडे असे. पण ते नंतरचे. त्या दुपारी नलवडे पान घडी करून खिशात ठेवत म्हणाले, "आता चढून दाखवा. मग बोलू."

वसाहतीच्या मागे मुरुमाची एक जुनी खाण होती. तिची एक बाजू उभ्या चढाची होती. सराव आम्ही तिथेच करत असू. मी खिळ्यावरची किल्ली काढून हेमांगीपुढे धरली.

तिने ती घेतली नाही. "नवीन इंजिन पहिल्यांदा बांधणाऱ्यानं चालवायचं. पद्धत तुमचीच आहे."

"चढावर मी गवा कधी चालवलेला नाही."

"माहीत आहे."

मी स्टिअरिंगमागे बसलो. ती दुसऱ्या बाजूने चढून शेजारी बसली आणि पट्टा बांधला. चाचा आणि नलवडे खाणीच्या कडेला उभे राहिले. इंजिन सुरू झाले. मी ते पाच मिनिटे नुसते चालू ठेवले, तेलाचा दाब पाहिला, आणि पहिल्या गिअरमध्ये गाडी चढाला लावली.

अर्ध्यावर गेल्यावर समोर फक्त आकाश दिसू लागले. मुरूम चाकांखालून निसटत होता. स्टिअरिंग हातात उड्या मारत होते. टर्बोची शीळ वाढत गेली आणि माझ्या पायाखालचा पत्रा थरथरू लागला. तिसरा पिस्टन माझ्या मनात स्पष्ट दिसत होता, त्याखालची तोटी, तोटीतली वाट. आजऱ्याला गवा याच उंचीवर थांबला होता. तापमानाचा काटा माझ्या डाव्या हाताच्या पलीकडे होता. मान एवढीशी वळवली असती तर दिसला असता.

"काटा?" मी विचारले.

"मध्यावर," हेमांगी म्हणाली.

मी मान वळवली नाही. पाय आणखी दाबला.